पलीकडच्या काठाचा आवाज

लताबाई काकड झेंडू खुडत होत्या, तेव्हा बांधावरून एक मुलगी त्यांना नावाने हाक मारत आली. दसरा चार दिवसांवर होता. सकाळपासून वाकून वाकून लताबाईंची कंबर धरली होती, त्यामुळे कुणीही आलेलं त्यांना नकोच होतं.

मुलीचं नाव वेदिका. नाशिकच्या एका कॉलेजात ती संगीत शिकवायची.

"मावशी, बासष्ट साली तुम्ही मिशनच्या शाळेत होतात ना? हार्डिंग मिसच्या ऑपेरात काम केलं होतं?"

"नाटक म्हणायचो आम्ही त्याला," लताबाई म्हणाल्या. "सगळं इंग्रजीत, आणि तेही गाऊनच बोलायचं. एकदा शाळेत झालं, एकदा देवळालीला. मग मिस विलायतेला गेल्या."

मिस आता हयात नव्हत्या. पण त्यांच्या कागदांत तो ऑपेरा सापडला होता आणि लंडनची एक छोटी कंपनी त्याचं रेकॉर्डिंग करणार होती. एकेचाळीस वर्षांत कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. फक्त शेवटच्या गाण्याची पानं हरवली होती. नदीला पूर आलाय, दोन काठांवर दोन बहिणी एकमेकींना हाका मारतायत, असं ते गाणं होतं. कंपनीने शाळेला लिहिलं आणि शाळेने वेदिकाला या कामाला लावलं.

"धाकटी तुम्ही होतात," वेदिका म्हणाली.

"बाई, मला आता नातवंडांची नावं एका दमात आठवत नाहीत."

तरी त्या बांधावर टेकल्या. डोळे मिटून बराच वेळ बसल्या. पहिली ओळ आली, तिच्यामागून दुसरी आली. वेदिकाने छोटा टेपरेकॉर्डर पुढे धरला. लताबाईंचा आवाज चिरका झाला होता, पण सूर जागेवर होते. मधे मधे मात्र त्या गप्प व्हायच्या.

"विसरलात का?"

"नाही. इथे गोजरा गायची."

"त्या काय गायच्या?"

"ते मला कसं माहीत? मिस आम्हाला वेगवेगळं शिकवायच्या. आणि प्रयोगात माझं सगळं लक्ष माझा सूर सुटू नये याकडे."

गोजरा घोटीची, तेव्हा शाळेच्या बोर्डिंगात राहायची. तिचं लग्नही घोटीतच झालं होतं, तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घरी. लताबाईंनी तिला शेवटचं पाहिलं त्याला अठरा वर्षं झाली होती. जाऊ जाऊ म्हणताना राहून गेलं होतं.

दसरा झाल्यावर दोघी एसटीने घोटीला गेल्या. दार गोजराबाईंच्या सुनेने, शुभांगीने उघडलं. कशासाठी आल्या ते तिने ऐकून घेतलं.

"आईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. ऐकतात, समजतं त्यांना. पण तोंडातून नुसतं हां हां येतं."

लताबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. उंबऱ्यातूनच माघारी फिरावं, असं त्यांना वाटलं. पण आत खाटेवर गोजराबाईंनी मान वळवली होती.

"हां," त्या म्हणाल्या. "हां, हां."

लताबाई शेजारी बसल्या. फुलांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, मालक गेल्याचं सांगितलं. प्रत्येकाला उत्तर तेच येत होतं. पाच मिनिटांत सगळं बोलणं संपलं. वेदिकाने डोळ्यांनीच निघू या म्हणून खुणावलं. शुभांगी आत चहा ठेवत होती, तो न घेता उठणं बरं दिसलं नसतं. दुसरं काही सुचेना म्हणून लताबाईंनी आपला भाग हळू आवाजात सुरू केला आणि सवयीने ठरल्या जागी थांबल्या.

गोजराबाईंचे ओठ हलले. बारीक, वरच्या पट्टीतला आवाज निघाला आणि त्यात इंग्रजी शब्द होते, एकेक स्वच्छ. लताबाई धसकल्याच. पण त्यांची ओळ आली होती, ती त्यांनी घेतली. मग पुन्हा गोजराबाई. गाणं संपेपर्यंत दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

शुभांगी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. "आईंना इंग्रजी येतं?" तिने विचारलं.

"मी टेप लावायलाच विसरले," वेदिका म्हणाली.

मग त्यांनी पुन्हा गायलं, आणि तिसऱ्यांदाही. लताबाईंना धाप लागली, गोजराबाई मात्र थांबायला तयार नव्हत्या.

"गोजरे, दमलीस का? पाणी देऊ?"

"हां," गोजराबाई म्हणाल्या. "हां, हां." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

परतीच्या गाडीत लताबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. वेदिका आभार मानत राहिली.

आठवड्याने शुभांगीचा फोन आला.

"मावशी, तुमचं ते गाणं माझ्या डोक्यात बसलंय. आज आईंना भात भरवताना तेच गुणगुणत होते. तर आई त्याच चालीत म्हणाल्या, मीठ! डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणून मी अळणीच करते. दोन वर्षं त्यांना ते सांगता येत नव्हतं हो!"

"दिलंस का मग?"

"चिमूटभर दिलं."

तेव्हापासून लताबाई दर पंधरवड्याला घोटीला जाऊ लागल्या. जायला कंटाळा यायचा, गुडघे दुखायचे, पण जायच्या. दोघी आधी मिसचं गाणं म्हणायच्या, मग त्याच चालीत रोजचे शब्द. पाणी, पाय, पंखा. वर्षभरात वीसेक शब्द झाले. एखाद्या दिवशी त्यातला एकही निघायचा नाही.

पुढच्या वर्षी सीडी आली. वेदिका प्लेअर घेऊन घोटीला आली. आतल्या पुस्तिकेत दोघींचे आभार होते, गोजराबाईंचं नाव चुकीचं छापलेलं. दोन गोऱ्या गायिकांनी शेवटचं गाणं फार सुंदर गायलं होतं. सगळे गोजराबाईंकडे पाहत राहिले.

"हळू," त्या सुरात म्हणाल्या. "हळू, हळू."

"हो गं," लताबाई म्हणाल्या. "फार घाई केली त्यांनी. मिस रागावल्या असत्या."

वेदिकाने ते पुन्हा लावलं. लताबाईंची चारची गाडी होती. पण गोजराबाईंच्या खाटेच्या कडेला त्या जरा आडव्या झाल्या आणि गाणं संपायच्या आत त्यांना झोप लागली. शुभांगीने त्यांच्या अंगावर चादर घातली आणि त्यांना उठवलं नाही.