माझं घोंगडं आणि स्टीलची सवत

“बाबा, डोळे बांधून प्यायलास तर नव्या टाकीतली बिअर तुला ओळखू येईल? का नुसतीच शायनिंग?”

हा प्रश्न टेगनच्या मैत्रिणींनी पैज लावून तिला विचारायला लावला होता. परवापरवापर्यंत घरात तोंड न उघडणारी ही पोरगी, आणि आता बाबासमोर कमरेवर हात ठेवून उभी! शेडच्या कोपऱ्यात मी आनंदाने गळायचीच बाकी होते.

मित्रांनो, मी एक जुनी, घरी बिअर आंबवायची टाकी आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकची. खाली तोटी, वर झाकण, झाकणात पाणी भरलेली चिमुकली नळी. आतली बिअर आंबू लागली की त्या नळीतून ‘बुडुक बुडुक’ आवाज येतो. तेच माझं गाणं.

टेगनच्या जन्माआधी तिच्या बाबाने, ग्लेनने, मला ऑस्ट्रेलियातल्या बॅलराट गावी आणलं. इथल्या थंडीत तो मला निळं घोंगडं गुंडाळायचा. टेगनची आई लॉरेन म्हणायची, “मला सर्दी झाली तेव्हा नाही दिलंस ते!” नाताळात शेजारी रिकाम्या बाटल्या घेऊन यायचे आणि भरलेल्या घेऊन जायचे. काय दिवस होते!

मग टेगनचा पहिला वाढदिवस आला. पोरांसाठी ग्लेनने माझ्यात जिंजर बिअर केली, म्हणजे आल्याचं फसफसतं सरबत. तिथेच चुकलं. प्लॅस्टिकच्या टाकीत एकदा आलं गेलं की ती टाकी कायमची आल्याची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढची प्रत्येक बिअर आल्याच्या वासाची! त्याने मला सोड्यात भिजवलं, उन्हात पालथं घातलं. वास जाईना. शेवटी त्याने बिअरचा नादच सोडला आणि माझ्यात तंबूच्या खुंट्या भरल्या.

यंदा तो नाद परत आला. रोज जेवताना चर्चा. काचेची घ्यावी? फुटेल. प्लॅस्टिकची? “पुन्हा नाही!” मी सगळं ऐकत होते. आणि एक दिवस ती आली. स्टीलची, बुडाशी निमुळती, पोटावर तापमापक मिरवणारी. ग्लेन तिला मऊ फडक्याने पुसायचा. जळफळाट झाला माझा! पण खरं सांगू? थंडी पडली तेव्हा माझं निळं घोंगडं त्याने तिला गुंडाळलं. माझं! त्यावर माझ्या तोटीचा डाग अजून आहे.

वर लॉरेन म्हणाली, “महिनाअखेरीला मोठा कचरा न्यायला गाडी येतेय. ही म्हातारी दे बाहेर गवतावर ठेवून.”

म्हणून टेगनचा तो प्रश्न म्हणजे माझा जीव होता.

“चालेल,” ग्लेन हसला. “एकच बिअर दोघींत अर्धी अर्धी आंबवतो. मला फरक कळला नाही, तर म्हातारी राहील.”

कितीतरी वर्षांनी मी गायले. सवतीपेक्षा मोठ्याने.

बाटल्या तयार झाल्या तेव्हा लॉरेनने ग्लेनचे डोळे भांडी पुसायच्या फडक्याने बांधले. पहिला घोट. “छान!” दुसरा पेला अजून ओठांना लागलाही नव्हता.

“आलं! ही आपली म्हातारी!”

सगळे खो खो हसले. सवत नुसती चमकत राहिली. तिचं बरं आहे, पाणी मारलं की सगळं विसरते. मला विसरता येत नाही, एवढाच माझा गुन्हा.

ग्लेनने मला उचलून घरापुढच्या गवतावर ठेवलं. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिचं झाकण उघडून वास तरी घ्या.

टेगनने घेतला. मान आत घालून, डोळे मिटून, चांगला पोटभर. मग मला कवेत घेऊन ती तरातरा आत गेली आणि मला जेवणाच्या टेबलावरच दाणकन ठेवलं.

“आई, बाबा, ऐका. विचारत नाहीये, सांगतेय. ही टाकी आजपासून माझी. शाळेच्या जत्रेत मी जिंजर बिअरचा स्टॉल लावणार आणि हिच्यात आल्याशिवाय दुसरं काहीही जाणार नाही. आणि बाबा, ते घोंगडं आत्ताच्या आत्ता परत दे!”