दापोलीची जागा

मानकोलीच्या ठकुबाईचा थोरला, राघो, घाटावरच्या सरकारी कॉलेजात शिकायला गेला आणि हॉस्टेलातच काविळीनं दगावला. आजारी पडल्याचंही घरी कळलं नव्हतं. टेम्पोतून त्याला कशेळीच्या पुलावरून आणलं, तेव्हा ठकुबाईनं त्याचं तोंड पाहिलं ते पिवळं हळकुंड.

पुढं दोन-तीन पावसाळे गेले. धाकटा नामा चांगल्या मार्कांनी बारावी झाला. दापोलीच्या सरकारी शेतकी कॉलेजात त्याचं नाव लागलं. दुसरीकडं भिवंडीत एका खासगी संस्थेचं कॉमर्स कॉलेज होतं. तिथून दुपारी घरी जेवायला येता येत होतं.

"पोराला मातीचं येड हाय," ठकुबाईचा नवरा नवशा तिला म्हणाला. "दापोलीलाच जाऊ दे त्याला."

ठकुबाईनं तव्यावर भाकरी टाकली ती उलटवायची राहून गेली. "एक दिला सरकारला. दुसरा न्हाय देनार."

ओटीवर बसलेल्या नामानं सगळं ऐकलं. थोड्या वेळानं तो चुलीपाशी येऊन म्हणाला, "आये, भिवंडीलाच जातो मी."

ठकुबाईच्या छातीवरची धोंड उतरली.

पुढच्या आठवड्यात ती सरपणाचा भारा घेऊन विहिरीकडून येत होती. नामा आणि त्याचा दोस्त चिंधू काठावर बसले होते. नामा सांगत होता, "चिखलात कोन मरनार जलमभर? मला पयल्यापासून हापिसातच बसायचं व्हतं."

चिंधू हसला. ठकुबाई जागच्या जागी थांबली. हेच पोर गेल्या साली तीन गावांचं बियाणं आणून बांधालगतच्या तुकड्यात वेगवेगळं पेरून बसलं होतं. अंगात ताप असताना रोपं बघायला गेलं, म्हणून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

तिनं भारा खाली टाकला. "नामा, दापोलीला जा तू. बाबाला संगती घे नि निघ."

नामा उठून उभा राहिला. "हजर व्हायची तारीख गेली, आये."

"मग बोल्ला का न्हायस?"

त्यानं मान खाली घातली. "मी भिवंडीचं बोल्लो, त्या दिशी तू पोटभर जेवलीस. दादा गेल्यापासून पयल्यांदा."

तरी नवशा त्याला घेऊन दापोलीला गेलाच. अख्खा दिवस एसटीत गेला. तिथला कारकून भला माणूस. त्यानं बसवलं, पाणी दिलं. पण जागा दुसऱ्या पोराला गेली होती. "पुढच्या वर्षी या," तो म्हणाला. पुढच्या वर्षी नवशानं विषय काढला, तर नामाच नको म्हणाला. झालेलं वर्ष वाया कशाला घालवायचं?

तो बी.कॉम. झाला आणि भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका लूमच्या कारखान्यात हिशेबाला लागला. लावणीच्या दिवसांत ठकुबाई बायकांबरोबर शेतात वाकलेली असायची, तेव्हा तो बांधावरून इस्त्रीची पँट सावरत ड्युटीला जायचा. शेताकडं बघायचा नाही.

एकदा त्याला जेवायला वाढताना तिनं विचारलं, "काय काम असतं रे तुझं तिथं?"

"कापडाचे तागे मोजायचे, लिहायचे."

"बरं वाटतं का?"

"चाललंय, आये. भात वाढ."

तिनं वाढला. राघो गेल्यापासून ती त्याच्यासाठीच रडत आली होती. त्या दिवशी पदर डोळ्यांना लागला तो समोर जेवत बसलेल्या पोरासाठी. नामानं पाहिलं आणि पुढचा घास घेतला.