पोहणं, सायकल, पळणं आणि हळदीकुंकू

अंबरनाथला आमच्या कारखान्याच्या ऑफिसर्स क्लबात पोहण्याचा तलाव होता. सकाळ-संध्याकाळ तो पुरुषांनी भरलेला असे आणि दुपारभर रिकामा पडलेला असे. पण त्या रिकाम्या तलावातसुद्धा बायकांनी उतरायची सोय नव्हती. मी वांगणीजवळच्या माहेरच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली. लग्नानंतर पाण्याशी माझा संबंध उरला तो बादलीपुरता.

क्लबाचे सेक्रेटरी गुरुदत्त प्रधान. त्यांच्याकडे आम्ही चारपाच जणी पुन्हापुन्हा जात होतो. आठवड्यातून एक तास बायकांना द्या, एवढंच मागणं. प्रधान दर वेळी चहा मागवत आणि तेच सांगत. त्यांची स्वतःची काही हरकत नव्हती, पण बायका यायच्या नाहीत, आल्या तरी पहिल्या दिवसानंतर दिसायच्या नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

१९९१च्या जानेवारीत क्लबाने एक शर्यत काढली. ट्रायथलॉन हा शब्द मी फळ्यावरच्या नोटिशीत पहिल्यांदा वाचला. बदलापूरला बॅरेजपाशी उल्हास नदीत दोन किलोमीटर पोहायचं. मग बदलापूर ते उल्हासनगर कॅम्प चार अशा सायकलच्या दोन फेऱ्या. शेवटी शिरगावहून निघून आनंदनगरच्या कारखान्यांमधून पळत क्लबात यायचं. संध्याकाळी पाचच्या आत आला त्याची शर्यत पुरी. मी त्याच दिवशी प्रधानांना विचारलं, की मी ही पुरी केली तर तास द्याल का? कॅरम खेळणारे चौघे थांबून ऐकत होते. प्रधान हसत हसत हो म्हणाले.

आमचे हे, म्हणजे विष्णुपंत, कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि शर्यतीत वेळ मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. थेंबसुद्धा मोजून टाकणारा माणूस. मला घरीच सांगून टाकलं, "उमा, मी तुझ्यासाठी एक सेकंद मागेपुढे करणार नाही. आधीच सांगतो."

मी म्हटलं, कुणी मागितलाय?

मी सराव केला, सगळी तयारी केली. भाचीची टोपलीवाली लेडीज सायकल तेल घालून ठेवली. रस्त्यावरच्या सगळ्या ओळखीच्या बायकांना निरोप धाडला, की दाराशी पाणी घेऊन उभ्या राहा. फक्त एक गोष्ट ध्यानात आली नाही. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते आणि रथसप्तमी अजून यायची होती. त्या दिवसांत सवाष्ण बाई दारावरून नुसतं पाणी पिऊन गेली, असं आमच्याकडे होत नाही.

नदीत मला काही त्रास झाला नाही. पॉलिस्टरच्या कमीजमध्ये हवा शिरून तो पाठीवर फुगला आणि मी मजेत पुढे सरकत राहिले. बाहेर आले तेव्हा माझ्यामागे पाण्यात अजून सहासात पुरुष हात मारत होते. शेजारच्या कुंदाने आणि तिच्या जावेने दोन साड्या धरून मला काठावर खोली करून दिली. कोरडे कपडे घालून मी सायकलवर बसले. त्या घटकेला मी शर्यत जिंकण्याचाही विचार केला, हे आता सांगायला हरकत नाही.

पहिल्या वळणावर रस्त्याच्या मधोमध माझ्या चुलत सासूबाई गोदूबाई तबक घेऊन उभ्या होत्या. मला उतरावंच लागलं. त्यांनी हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ तोंडात घातला आणि स्टीलची वाटी हातात दिली. वाणाची वस्तू नको म्हणता येत नाही. मी वाकून नमस्कार केला. तेवढ्यात मघाशी नदीत मागे टाकलेले सगळे पुरुष घंटी वाजवत पुढे गेले.

मग हे दारोदार सुरू झालं. चहाची गाळणी, साबणदाणी, खिसणी, प्लास्टिकचा मग. अंबरनाथला एकीने झाकणाचा डबा दिला, त्यात लाडू भरून, आणि एक तिच्यादेखत खायला लावला. टोपली भरली तेव्हा मी पिशवी मागून घेतली आणि हँडलला लटकवली. खड्डा आला की असा खणखणाट होई, की पुढचे लोक भांडीवाली आली म्हणून बाजूला होत. दोघीतिघींनी तर जुने कपडे घेऊन हाकही मारली.

कॅम्प चारला तबक नसेल म्हणून मी जरा निर्धास्त होते. तिथे मोहिनी आंटींचं कापडाचं दुकान होतं. त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. सिंधी घरात आलेल्या माणसाला पाण्याबरोबर पापड द्यायची रीत आहे. मी म्हटलं आंटी, रेस चालू आहे.

"रेस कहाँ भाग रही है? पहले पापड-पानी," त्या म्हणाल्या. "और ये ब्लाउजपीस रख, तेरे रंग का है."

दुसऱ्या फेरीला तरी सुटका होईल असं वाटलं होतं. पण पहिल्या फेरीत ज्यांच्या दारावरून मी न थांबता गेले, त्यांना ते कळलं होतं. त्या फुगून बसल्या होत्या. त्यांची समजूत घालायला जास्त वेळ गेला.

शिरगावला सायकल टाकली तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. मागून एक टेम्पो हळूहळू येत होता. थकलेल्यांना उचलून आणायला क्लबाने तो ठेवला होता. चालवणारा कोंडाजी, बारवीकडच्या पाड्यावरचा. त्याने माझी टोपली आणि पिशवी आत ठेवून घेतली आणि माझ्या मागेमागे चालण्याच्या वेगाने येऊ लागला. मी खांबाला धरून उभी राहिले की तो खिडकीतून डोकं काढी.

"बाई, भांडी बसली. आता तुमी बसा."

मी मान हलवून पुढे निघे. आनंदनगरला एका कारखान्याच्या फाटकावरचं घड्याळ पाहिलं. थोडाच वेळ उरला होता, आणि समोर कुंदा. ती नदीवरून बसने परत येऊन आमच्या महिला मंडळाच्या सगळ्या बायकांना घेऊन उभी होती. प्रत्येकीच्या हातात तबक.

मी लांबूनच ओरडले, "कुंदे, मी थांबणार नाही. थांबले तर तास गेला आपला."

कुंदाने एकदा माझ्याकडे आणि एकदा तबकाकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"थांबू नका उमाताई. आम्हीच येतो."

आणि ती माझ्या बाजूने पळू लागली. पळता पळता तिने बोट उचललं, ते कुंकू माझ्या कानाला लागलं. दुसरीने हळद मानेला लावली. तिळगूळ तर वाऱ्यावरच गेला. माघारी जायचं कुणाला सुचेना. पहाऱ्यावरचे गुरखे उठून उभे राहिले. अशी आमची पलटण क्लबाच्या फाटकातून आत शिरली. पुढे हळदीने पिवळी झालेली मी, मागे तबकं सांभाळत पळणाऱ्या साड्या आणि सगळ्यांच्या मागे भांडी वाजवत टेम्पो.

रेघ ओलांडली आणि मी मटकन खाली बसले. विष्णुपंतांनी घड्याळ पाहिलं.

"पाच वाजून चार मिनिटं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

त्या वेळी मला माझ्या लग्नाचाच पश्चात्ताप झाला. प्रधानांनी फार वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि नियम तो नियम, वहिनी, असं काहीतरी म्हटलं. धापा टाकणाऱ्या बायकांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर तलाव होता. कुंदाने चपला काढल्या, काठावर बसली आणि पळून आग होणारे पाय सरळ पाण्यात सोडले. पाठोपाठ सगळ्या ओळीने बसल्या. आत पोहणारे तिघे पुरुष कोपऱ्यात सरकले, मग शिडी चढून निघूनच गेले.

प्रधान घाईघाईने पुढे झाले, तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना अडवलं.

"प्रधान, बायका येणार नाहीत असं तुम्ही म्हणाला होतात. सतरा आल्यात. मी मोजल्यात."

आता यांचं मोजणं चुकत नाही, हे मघाशीच सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. प्रधान काठावरच्या त्या ओळीकडे बघत राहिले आणि मंगळवारी दुपारी तीन ते चार म्हणाले.

पहिल्या मंगळवारी सगळ्या वेळेवर हजर. मला मात्र गुडघे वाकवून शिडी उतरता येईना. मला खुर्चीसकट काठावर आणून ठेवलं आणि मी तिथून शिकवू लागले. कुंदा कमरेपर्यंत उतरली आणि दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून उभी राहिली.

"आता काय करू?"

"दांडी सोड."

"आधी तुम्ही उतरा."

"मला उतरता येत असतं तर खुर्चीत बसले असते का? सोड म्हणते ना."

तिने डोळे मिटले आणि सोडली.