खिडकीखालची गाडी

"ताई, दंड केलेला नाही, पण ही ताकीद आहे. ती नोंदली जाते, एवढं लक्षात ठेवा," असं तो पोलीस तेव्हा चांगलं स्पष्ट बोलला होता. तिनं मान डोलावली आणि कोपऱ्यावर गाडी वळायच्या आत विसरूनही गेली. दंड नाही म्हणजे सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं. घरी येऊन तिनं आगपाखड केली तीही पोलिसावर नाही, त्याला बोलावणाऱ्या म्हातारीवर.

"लोकांना उद्योग नाहीत दुसरे! झोपलेलं पोर गाडीत ठेवून औषध आणायला गेले, तर ही बया चादर घेऊन गाडीला चिकटलेली. तमाशा केला नुसता!"

पोर म्हणजे ठमी. तिला तेव्हा दात येत होते, अंग तापलेलं, आणि रडून रडून गाडीत कुठे तिचा डोळा लागला होता. औषधाचं दुकान समोरच. आता उठवलं की पुन्हा भोकाड पसरेल म्हणून आईनं काचा लावल्या, म्हटलं, ही गेले नि ही आले. आत रांग होती. दुकानदार औषध शोधायला मागे गेला तो येईचना. परत येऊन बघते तर गाडीभोवती माणसं, म्हातारी आणि पोलीस. त्यानं नाव विचारलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि जिभेवर आलं ते माहेरचं नाव. लग्न तसं नवंच होतं. पासपोर्टवर सासरचं नाव चढलं होतं, जिभेवर अजून चढलं नव्हतं. पोलिसानं जे ऐकलं ते लिहून घेतलं.

पुढे ठमी चालायला लागली, मग बोलायला, मग बालवाडीत जायला लागली. या परक्या देशाच्या नागरिकत्वासाठी लागणारी वर्षंही तेवढ्यात भरली. नवरा-बायको जेवणाच्या टेबलाशी अर्ज भरायला बसले. नवऱ्याचा अर्ज भराभर उरकला. चुकीच्या जागी गाडी लावल्याचा त्याचा जुना दंडसुद्धा त्यानं पदक मिळाल्यासारखा लिहून टाकला. तिचं पेन मात्र एका जागी अडलं. याआधी कोणतं नाव वापरलं आहे का? कधी शिक्षा, दंड किंवा ताकीद झाली आहे का?

ताकीद. पोलिसाचं ते 'नोंदली जाते' तिला आत्ता आठवलं.

"ताकीद तर मला रोज होते," नवरा म्हणाला. "मी पण लिहू?"

"थट्टा सुचतेय तुला! माझं अडकलं तर ठमीचंही अडकेल. तिचा अर्ज माझ्याच अर्जाला जोडलाय."

तसा तो गंभीर झाला. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "अगं, ज्या नावावर ती नोंद आहे, त्या नावाची बाई आता कागदोपत्री आहे कुठे? माहेरचं नाव लिहूच नकोस. कोण जातंय शोधायला?"

खरं सांगायचं तर तिला ते पटलं. मोहही झाला. त्या मोहाचीच भीती वाटून ती दुसऱ्या दिवशी धावत वकीलबाईंकडे गेली.

वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सिग्नल तोडला, ताकीद मिळाली, असल्या एखाददुसऱ्या बारीकसारीक गोष्टीनं सहसा अर्ज बुडत नाही. लपवलं की मात्र बुडतो. काय झालं ते सरळ लिहा."

"लिहिते ना. पण मी फार वेळ नव्हते हो आत. आणि बाळ झोपलेलं होतं."

"नक्की?"

एवढंच विचारलं त्यांनी. पण तो शब्द तिच्या मागे लागला, भाजी निवडताना, ठमीची वेणी घालताना. शेवटी ती उठली आणि त्या रस्त्यावर गेली.

दुकान तेच होतं. तिनं सहज वर पाहिलं, तर दुकानावरच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत तीच म्हातारी! म्हातारीनं हातानं वर बोलावलं, जणू वाटच बघत होती. जिना चढताना तिनं मनात भांडणाची बरीच तयारी केली. दार उघडंच होतं.

"आलीस?" आजी म्हणाल्या. "पिवळं झबलं होतं. बरं आहे ना गं ते बाळ?"

भांडण बाजूलाच राहिलं. "बरं आहे. शाळेत जातं."

आजींनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मला सांगायला कुणी आलंच नाही बघ."

"आजी, ती झोपली होती ना?"

"छे गं. तू आत गेलीस नि ती उठली. काचेतून आवाज येत नव्हता, पण तोंड दिसत होतं, हे एवढं उघडलेलं. ऊन थेट तिच्यावर. मी पोलिसांना फोन केला आणि पलंगावरची चादर ओढून खाली आले. काचेवर धरून उभी राहिले. दमून झोपली मग ती. पोलिसानं काच फोडायला काठी उचलली, आणि तू आलीस."

तिनं आजींच्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यांना पट्टे होते. टेबलाला धरल्याशिवाय त्यांना उभंही राहता येत नव्हतं.

"चादर धरून हात दुखले असतील," ती म्हणाली.

"दुखणार नाहीत? कितीतरी दिवस वेणी घालता येईना. पण तेव्हापासून सवय लागली. आधी खाली उभ्या गाड्यांच्या मागच्या सीटा बघते, मग चहा."

ती तिथेच खुर्चीवर बसली. जिला घरभर बया म्हणत फिरलो, ती बाई इतकी वर्षं आपल्या पोरीची काळजी करत या खिडकीत बसली होती. जगात असंही काही असू शकतं, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

तिनं अर्जात दोन्ही नावं लिहिली. ताकीदही लिहिली.

मुलाखतीला समोर एक अधिकारीबाई होत्या. त्यांनी माहेरचं नाव विचारलं. तिनं ते सांगितलं आणि पुढचं न विचारताच बोलून गेली. "मी सगळ्यांना सांगायचे, बाळ झोपलं होतं. ते रडत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी तिथे नव्हते."

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "गाडीच्या नंबरवरून ही नोंद आम्हाला आधीच सापडली होती. तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं."

एवढा अवाढव्य देश, एवढी माणसं, आणि त्यानं एका गल्लीतली एवढीशी गोष्ट जपून ठेवली होती! भीती वाटायला हवी होती. पण तिला आठवली ती खिडकी. तिथे तर ना संगणक ना फाईल, आणि पिवळं झबलं अजून तसंच होतं.

"मुलगी कशी आहे आता?" बाईंनी विचारलं.

उत्तराची गरजच पडली नाही. दाराबाहेर ठमी बाबाला गाणं शिकवत होती आणि तो चुकतो म्हणून ओरडत होती. बाई हसल्या.

शपथेच्या दिवशी भल्यामोठ्या सभागृहात सगळ्यांनी हात वर केले. शपथ लांबत गेली तसा तिचा हात भरून आला. तिनं तो खाली घेतला नाही. चादर धरलेले ते हात किती दुखले असतील, हे तिला तेव्हा कळलं.

त्यानंतर दर आठवड्याला ती ठमीला घेऊन जिना चढायची. आता नवऱ्याची बदली झाली आहे, गाव लांब आहे. ती फोन करते, पण आजींना ऐकू कमी येतं. म्हणून भेटेल त्याला ती सांगते, आणि तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे: त्या बाजूला गेलात तर औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याकडे मान वर करून बघा. आजी दिसल्या तर हात हलवा. खिडकी बंद दिसली तर मात्र पुढे जाऊ नका. वर जा, आणि दार वाजवा.