साडेनऊचा फोन

“काका, चहा झाला का?” पुण्याच्या ऑफिसातून विनोदने विचारलं.

“झाला,” इंद्रजीत म्हणाला. गॅसवर अजून पातेलंही चढलं नव्हतं. बायको गेल्यापासून तीन वर्षं तो रोज हेच खोटं बोलत आला होता.

“मग? काय म्हणतंय मशीन?”

मशीन म्हणजे एका विमा कंपनीचा मेनफ्रेम, अवाढव्य संगणक. एका विहिरीवर तीनशे मोटारी बसवाव्यात आणि प्रत्येकीला विहीर आपलीच वाटावी, तशी त्याच्या पोटात तीनशे आभासी मशीनं चालत. कोण जास्त ओढतंय, कोण खोळंबलंय, हे आकड्यांवरून ताडायचं आणि साडेनऊला फोनवर विनोदला, आपल्या तरुण साहेबाला, सांगायचं. वडगाव रासाईतल्या घरी बसून इंद्रजीत हे करायचा. खरं सांगायचं तर दिवसभरात त्याचं बोलणं व्हायचं ते एवढंच.

आता कंपनीला देखरेखीचं नवं टूल घ्यायचं होतं आणि निवड इंद्रजीतवर सोपवली होती. दोन टूलं उरली. पहिलं नुसते आकडे काढायचं, ते वाचायला माणूस लागायचा. दुसरं स्वतःच वाचून सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप धाडायचं. ते आलं की साडेनऊचा फोन बंद.

टूलही त्याच मशीनची ताकद खातं, तेव्हा कमी खाणारं घ्यायचं असं ठरलं होतं. पहिलं त्याने निवांत रविवारी मोजलं. दुसरं मात्र महिनाअखेरीला, सगळ्या मोटारी एकदम सुटतात तेव्हा. अर्थात पहिलं जिंकलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने केलेली ही पहिली लबाडी.

त्या दिवशी शेजारची सारजाबाई मेथीची भाजी घेऊन आली. “भावजी, सकाळी तुमचं बोलणं ऐकू आलं की बरं वाटतंय बगा. घरात मानूस हाय म्हनायचं.”

“व्हय, वहिनी,” म्हणून त्याने वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी विनोद म्हणाला, “काका, तुमचे आकडे आहेत म्हटल्यावर मी तपासत बसणार नाही. सही करून टाकतो.”

इंद्रजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “थांब जरा. पहिलं महिनाअखेरीला मोजायचं राहिलंय.”

महिनाअखेरीला पहिल्याने दुसऱ्याच्या दुप्पट खाल्लं. त्याने अहवालात ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली दुसऱ्याची शिफारस केली.

“लई भारी काम केलंत, काका,” विनोद खुशीत म्हणाला. “सोमवारपासून सकाळची कटकट मिटली तुमची.”

सोमवारी सव्वानऊलाच इंद्रजीत खुर्चीत येऊन बसला. साडेनऊला मोबाईल किणकिणला. ‘तीनशे मशीनं सुरू. सर्व ठीक.’ निरोपात चहाचं काही नव्हतं. त्याने तो दोनदा वाचला. घर फार मोठं वाटू लागलं.

भिंतीपलीकडून सारजाबाईने हाक दिली, “भावजी, आज फोन न्हाई आला का?”

“आला की!” तो म्हणाला.

मग मुका मोबाईल कानाला लावून, तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात तो बोलला, “झाला चहा. व्हय, मघाशीच झाला.”