मी फूल नाही, बरं का!

मित्रांनो, मी एक जुना, चांगला मुरलेला प्राणी आहे. हो, प्राणीच! लोक मला समुद्रफूल म्हणतात आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. मला पाकळ्या नाहीत, बोटं आहेत. देठ नाही, पाय आहे, आणि मनात आलं तर मी त्या पायानं चालतोसुद्धा. मधोमध तोंड आहे. तोंड आलं म्हणजे भूक आली, आणि भूक आली म्हणजे जेवण आलं. हे घरच्यांना ठाऊक नसल्यामुळे एकदा माझ्या जिवावर बेतलं होतं.

माझा जन्म मासे विकणाऱ्याच्या दुकानातला. माझी आई एके दिवशी मधोमध दुभंगली आणि एकीच्या दोन झाल्या. त्यातला एक मी. तिथून मला चष्मेवाल्या काकांनी आणलं. त्यांचं पुढे दुकान, मागे घर. फ्रेमांच्या कपाटाला लागून त्यांनी खाऱ्या पाण्याची एक लहानशी टाकी ठेवली होती. टाकी नवी कोरी असताना मात्र मला आणलं नाही. कितीतरी महिने नुसते दगड, वाळू आणि पाणी ठेवून ते पाणी मुरू दिलं. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "काका, यातले मासे दिसायला कितीचा नंबर लागतो हो?" काका म्हणायचे, "दम धरा."

आल्या आल्या मी त्यांना कामाला लावलं. टाकीवरचा दिवा अगदीच मिणमिणता होता. त्याचं असं आहे, माझ्या अंगात शेवाळाचे बारीक बारीक कण राहतात. ते माझे भाडेकरू. उजेड मिळाला की ते अन्न तयार करतात आणि त्यातलं मला देतात. उजेड नाही तर भाडंही नाही! म्हणून मी सरळ उठलो, काच चढलो आणि दिव्याखाली जाऊन बसलो. काकू ओरडल्या, "अहो, तुमचं फूल पळालं!"

काकांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पळालं नाही गं, याला उजेड पुरत नाहीये."

त्यांनी चांगला दिवा आणला. पण एकदम पूर्ण लावला नाही. आधी मंद, मग बेताबेतानं वाढवत नेला, आणि रोज ठरल्या वेळी बंद केला. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला, नाहीतर फिरता फिरता आत ओढला जाऊन माझी चटणीच झाली असती. मग मी खाली उतरलो, दगडातली एक फट पसंत केली आणि पाय रोवून बसलो.

काय ऐटीचे दिवस होते ते! दोन जोकर मासे माझ्या बोटांत राहायला आले. डोळे तपासायला बसलेली माणसं समोरची अक्षरं सोडून माझ्याकडेच बघायची. पाणी आटलं की काका त्यात गोडच पाणी घालायचे, कारण पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. आठवड्यातून एकदा चिमट्यानं कोळंबीचा बारीकसा तुकडा माझ्या बोटांवर ठेवायचे. पण हे सगळं ते सकाळी लवकर, काकू आत कामात असताना उरकायचे. काकूंना दिसायची फक्त माझी शोभा.

मग काकांचं हृदय कुरकुरायला लागलं. ऑपरेशन लेकीच्या गावी करायचं ठरलं. नेमका त्याच आठवड्यात काकूंचा पाय मुरगळला, त्यामुळे त्यांना जाता आलं नाही. काकूंच्या सोबतीला काकांची मोठी बहीण, अक्का, येऊन राहिली. निघताना काका घाईघाईत एवढंच म्हणाले, "माझ्या फुलाकडे बघ हं."

बघा, स्वतः काकाही फूल म्हणाले!

काकूंनी मन लावून सांभाळलं मला. फुलाला काय लागतं? ऊन आणि पाणी. त्यांनी दिव्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पहाटेपासून झोपेपर्यंत दिवा जळत ठेवला. माशांना दाणे टाकायच्या, पण माझ्या जेवणाचं त्यांच्या मनातही आलं नाही. एवढा उजेड माझ्या भाडेकरूंना सोसेना, ते चालते झाले. माझा तपकिरी रंग त्यांचाच, तोही गेला. मी पांढरा पडलो, तर काकू खूश! "बघा अक्का, मोगऱ्यासारखं झालंय!" मी आतून उपाशी, आणि बाहेर माझं कौतुक चाललेलं.

तिकडे ऑपरेशन नीट पार पडलं, पण काका खचले. लेक रोज फोनवर सांगायची, "आई, बाबा काही खात नाहीत गं. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात." काका फोनवर एकच विचारायचे, "फूल कसं आहे?" आणि काकू म्हणायच्या, "मस्त आहे!"

एके सकाळी मी पार आक्रसलो. बोटं आत, तोंड वाकडं, लिंबाएवढा गोळा. अक्कानं काचेतून बघितलं आणि निकाल दिला, "वहिनी, कोमेजलं हे. काढून टाक, नाहीतर पाणी नासेल."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, हे गेलं असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? त्यांचा जीव एवढ्यातच तर अडकलाय." पण बाह्या सारून त्यांनी हात पाण्यात घातला आणि मला धरलं. मित्रांनो, मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? त्यांनी जोर लावला असता तर माझा पाय फाटला असता आणि मी खरोखरच मेलो असतो. अंगात होती नव्हती ती ताकद पायात आणली आणि दगड घट्ट धरला.

काकूंचा हात थांबला.

"अक्का, अहो, हे धरून बसलंय! मेलेलं कधी धरून बसतं का?"

त्यांनी ओल्या हातानंच फोन लावला आणि रडत रडत सगळं खरं सांगून टाकलं. पलीकडून काकांचा बारीक आवाज आला, "आधी पाण्याचा वास घे."

"घेतला. खारट येतोय, नेहमीसारखा."

"मग जिवंत आहे. मेलं असतं तर दुकानात उभं राहवलं नसतं तुला. दिवा निम्म्याहून कमी कर. आणि अगं, त्याला जेवण लागतं. कोळंबी बारीक करून दे."

"जेवण? इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

काकूंनी फोन ठेवला. मग डोळे पुसले आणि सुरी घेतली.

पहिला तुकडा माझ्या बोटांना धरवला नाही, दुसराही पडला. काकूंनी आदळआपट केली नाही. पडलेले तुकडे उचलायच्या, दिवा मंद ठेवायच्या आणि दुखरा पाय स्टुलावर टाकून माझ्यासमोर बसून राहायच्या. असे बरेच दिवस गेले. एका दुपारी कणाएवढा तुकडा माझ्या बोटाला चिकटला. मी तो हळूहळू तोंडाशी नेला आणि गिळला.

"अहो!" काकू फोनवर ओरडल्याच. "खाल्लं त्यानं! माझ्या हातून खाल्लं!"

पलीकडून नुसती पलंगाची करकर ऐकू आली. काकूंचा चेहरा उतरला. मग लेकीचा आवाज आला, हसू की रडू कळत नव्हतं. "आई, बाबा उठून बसलेत. विचारतायत, आज जेवायला काय आहे."

काका आता घरी आहेत आणि माझा तपकिरी रंगही भरून येतोय. म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. कुणी अंग चोरून बसलं, रंग उडाला, जेवेनासं झालं, तर लगेच संपलं म्हणू नका. उजेड जरा कमी करा, घास लहान करा आणि समोर बसून राहा. आतून कुणीतरी घट्ट धरून बसलेलं असतं.