मधली कोरी जागा

दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार होता, म्हणून अपेक्षाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स खामगावच्या हमालांच्या गल्लीत सकाळी नऊलाच लागला. तो लावणारे रिक्षावाले उकंडराव कुठल्याच कामाला उशीर करत नसत. फ्लेक्सवर गल्लीतले एकवीस शुभेच्छुक काळे चष्मे लावून उभे होते. अपेक्षा खाली कोपऱ्यात होती. तिचा फोटो मावशीच्या लग्नातून कापलेला, त्यामुळे खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. 'दहावीत' आणि 'पास झाल्याबद्दल' यांच्या मधे टक्के लिहायला जागा कोरी सोडली होती.

एकला मोबाइलवर कळलं, गणितात नापास.

"काका, फ्लेक्स उतरवा ना," अपेक्षा रडवेली होऊन म्हणाली.

"उतरवू कसा? एकवीस जनायचे फोटो हायेत त्याच्यावर," उकंडराव म्हणाले. "ते कुठं नापास झाले?"

गल्ली पेढ्यांसाठी जमलीच होती. अपेक्षाने डोळे पुसले, मार्कर घेतला, स्टुलावर चढली आणि कोऱ्या जागेत ठळक लिहिलं, 'गणित सोडून'.

मग उकंडरावांनी टाळी वाजवली. "आमच्या टायमाले फ्लेक्स असते, तं मी 'शाळा सोडून' लिहिलं असतं, पोरी! आना पेढे."

पुरवणी परीक्षेत ती गणितात पास झाली. फ्लेक्स अजून तिथेच होता. ते दोन शब्द खोडायला ती पुन्हा स्टुलावर चढली. या वेळी स्टूल धरायला एकवीसही शुभेच्छुक आले होते, म्हणून ते फार हलत होतं.